लिव्हिंग्स्टनचे नाशिककर सोबती

परदेश पाहून आलेल्या माणसाला तेथे काय पाहिलेस असे आपण आवर्जून विचारतो. कोण भेटले, हे मात्र सहसा विचारत नाही. वास्तविक परमुलखात जोडलेली माणसे ही प्रवासाची सर्वांत मोठी मिळकत होय. परंतु अशा ओळखींपैकी बहुतेक ओळखी निरोपाच्या हस्तांदोलनाबरोबरच संपतात आणि थोड्याच आयुष्यभर पुरतात. त्या थोड्या कशाच्या बळावर टिकतात, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या नाशिकच्या इतिहासात आहे. शरणपूर रोडने रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ते ठाऊक असते.

१८५४ साली चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील प्रॉटेस्टंट संस्थेने तेव्हाच्या नाशिक शहराबाहेर एक ख्रिस्ती वसाहत स्थापन केली. तिचे नाव शरणपूर. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे प्रमुख शिल्पकार होते. त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांनी भरलेली गलबते अरबस्तानाकडे जात. ब्रिटिश आरमार ती समुद्रात अडवी आणि सोडवलेल्या माणसांपैकी काहींना मुंबई बंदरात उतरवी. त्यांतील अनेक अनाथ मुले शरणपूरला पाठवण्यात आली. तेथे ती लिहावाचायला शिकली, सुतारकाम व लोहारकाम शिकली. आईबापांनी ठेवलेली नावे मागे पडली आणि वेनराइट, वेलिंग्टन, गार्डनर अशी नवी नावे त्यांना मिळाली. ज्यांचे घर हिरावले गेले होते, त्यांना गोदाकाठी दुसरे घर लाभले.

१८६५ साली प्रसिद्ध संशोधक आणि मिशनरी डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आले होते. मध्य आफ्रिकेच्या सफरीसाठी त्यांना सोबती हवे होते. शरणपूरमधून त्यांनी नऊ तरुण निवडले. मुंबईहून चुमा आणि सुसी हे दोघे आफ्रिकी त्यांच्याबरोबर निघाले. चुमाला लिव्हिंग्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून सोडवले होते, तर सुसी मुंबईच्या गोदीत काम करीत असे.

या सहवासाचा आरंभ काही गोड नव्हता. शरणपूरच्या मुलांना ओझी वाहण्याची सवय नव्हती. लिव्हिंग्स्टन स्वतःही कठोर आणि अबोल. त्यांच्या रोजनिशीत या मुलांविषयी तक्रारी आढळतात. वाटेत एक मरण पावला, काही सोडून गेले. तरीही १८६६ मध्ये निघालेल्यांपैकी पाच जण अखेरपर्यंत राहिले आणि त्यांत शरणपूरचे दोघे होते: एडवर्ड गार्डनर आणि मब्रुकी या नावानेही ओळखला जाणारा नथॅनिएल. पुढे १८७२ मध्ये शरणपूरचे आणखी सहा तरुण त्यांना येऊन मिळाले. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि कॅरस फॅरर हे त्यांतलेच.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आज झांबियात असलेल्या चितांबोच्या गावी एका झोपडीत लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले. पलंगाशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत ते सोबत्यांना आढळले. खरी कसोटी येथून पुढे लागली. पगार देणारा धनी आता उरला नव्हता. सभोवती अनोळखी मुलूख, समुद्र कित्येक महिन्यांच्या वाटेवर आणि परक्याचे प्रेत बाळगणे म्हणजे गावोगावच्या लोकांचा रोष ओढवून घेणे. त्याच ठिकाणी मूठमाती देऊन ते परतले असते तर कोणीही त्यांना दोष दिला नसता. त्यांनी एकत्र बसून विचार केला आणि पार्थिव देह त्याच्या माणसांकडे पोचवायचा असे ठरवले.

फॅररने आणि आणखी एकाने शव उघडले. हृदय एका झाडाखाली पुरण्यात आले. जेकबने दफनविधीच्या प्रार्थना वाचल्या आणि झाडाच्या खोडावर लिव्हिंग्स्टन यांचे नाव, तारीख व तिघा सोबत्यांची नावे कोरली. स्वतःचे नाव त्याने कोरले नाही. देहाला मीठ लावून तो सुमारे दोन आठवडे उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, वरून शिडाचे कापड शिवले. मग तांडा निघाला.

आजच्या टांझानियातील ताबोरा परिसरात त्यांना लेफ्टनंट कॅमेरॉन यांची इंग्रज तुकडी भेटली. देह येथेच पुरावा, असा सल्ला कॅमेरॉन यांनी दिला. त्या काळी गोऱ्या अधिकाऱ्याचा शब्द मोडणे सोपे नव्हते, परंतु या मंडळींनी तो नम्रपणे नाकारला. पुढे एका गावाने प्रेत नेण्यास विरोध केला, तेव्हा त्यांनी दुसरेच एक गाठोडे परत पाठवल्याचा देखावा केला आणि देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे नेला. सुमारे सोळाशे किलोमीटर अंतर नऊ महिन्यांत कापून १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले.

बागामोयोत त्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्याचा देह स्वीकारला तो आपल्या कॅथलिक धर्मगुरूंनी. होली घोस्ट फादर्स या संघाने १८६८ मध्ये तेथे मिशन उभारले होते, आणि त्या मिशनमध्येही शरणपूरप्रमाणे गुलामगिरीतून सोडवलेली मुले वाढत होती. मृतांना मूठमाती देणे हे दयेच्या शारीरिक कार्यांपैकी एक कार्य आहे, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणात शिकतो. जुन्या करारातील तोबीतने ते जीव धोक्यात घालून केले. पंथांमधील अंतर मोठे मानले जात असलेल्या त्या काळात शरणपूरच्या तरुणांनी आणि बागामोयोच्या फादरांनी एकाच ओझ्याला हात लावला.

झांझिबारला मजुरी चुकती करून मंडळींची बोळवण झाली. एकटा जेकब मिशनच्या खर्चाने शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा पेटीच्या मानकऱ्यांत तो एकटाच आफ्रिकी होता. चुमा आणि सुसी पोचले ते अंत्यविधीनंतर, तेही लिव्हिंग्स्टन यांचे मित्र जेम्स यंग यांनी खर्च केला म्हणून. रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने या सोबत्यांसाठी पदके घडवली, परंतु तोवर पुष्कळजण पांगले होते.

या नात्याला मैत्री म्हणावे काय, अशी शंका कोणी घेईल. एक धनी, दुसरे पगारी नोकर. एकाचे नाव जगभर, दुसऱ्यांची नावे तळटीपेत. ही विषमता नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पगाराचा करार मृत्यूबरोबर संपला होता. त्यानंतरचे प्रत्येक पाऊल त्यांनी आपखुशीने टाकले. ज्याच्याकडून यापुढे काहीच मिळणार नाही, त्याच्यासाठी माणूस जे करतो त्याला मैत्रीवाचून दुसरे नाव नाही. शिवाय शरणपूरच्या त्या सहा तरुणांना लिव्हिंग्स्टन यांचा सहवास जेमतेम नऊ महिने लाभला होता. एका वाटेवर एकत्र सोसलेले कष्ट नऊ महिन्यांतही जन्माचे नाते जोडू शकतात.

पुढे प्राइस यांनी १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रियरटाउन वसवले. नाशिकचे अनेक आफ्रिकी तेथे जाऊन शिक्षक, कारागीर आणि धर्मसेवक झाले. जेकब १८९२ मध्ये आफ्रिकेतच वारला. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोंबासात होता आणि त्या यात्रेची हकिकत सांगणारा तो अखेरचा साक्षीदार ठरला.

आज आपली मुले आखातात, युरोपात, अमेरिकेत जातात. तेथे त्यांना ओळखी पुष्कळ मिळतील. परक्या घरातल्या दुखण्याखुपण्याला आणि मयताला ती धावून जातील, त्या घराशी त्यांचे नाते टिकेल. शरणपूरच्या पोरक्या मुलांनी हे दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवले. वेस्टमिन्स्टर ॲबीतील समाधीच्या शिळेवर, विश्वासू हातांनी भूमी आणि सागर ओलांडून त्यांना येथे आणले, अशा अर्थाचे शब्द आहेत. त्या हातांची नावे शिळेवर नाहीत. त्यांतले काही हात आपल्या नाशिकात सुतारकी आणि लोहारकी शिकले होते, एवढे तरी आपण विसरू नये.