लाल रंगाची वस्ती: एक नकाशा, एक फॉर्म आणि होम लोन

अमेरिकेतला वर्णभेद म्हटलं की आपल्याला काय आठवतं? बसमधल्या वेगळ्या सीट, 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या, मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण. आजच्या भागात पाट्या जवळपास नाहीतच. आज आहे एक नकाशा, एक फॉर्म आणि होम लोन. विषय बँकेतल्या टेबलावरचा वाटेल, पण आज अमेरिकेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांच्या संपत्तीत जी दरी दिसते, तिची मुळं बऱ्याच अंशी या टेबलावर आहेत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कर्ज देणाऱ्या ॲप्सच्या मागे जी सिस्टीम चालते, त्यावर काम करतो. अर्ज मंजूर की नामंजूर, हे ठरवणारे नियम कोडमध्ये बसवायचे, हे माझं रोजचं काम. त्यामुळे हा इतिहास मला जरा जास्तच ओळखीचा वाटतो.

तर चला १९३० च्या दशकात. १९२९ ला शेअर बाजार कोसळला, मंदी आली, लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या काळात होम लोन आजच्यासारखं नव्हतं बरं का. घराच्या किमतीच्या जवळपास निम्मी रक्कम आधी भरायची आणि उरलेलं कर्ज पाच-दहा वर्षांत फेडायचं. नोकरी गेली की घर गेलं. रुझवेल्ट सरकारने १९३३ मध्ये 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' काढली. तिने साधारण दहा लाख लोकांची कर्जं नव्याने बांधून दिली. काम चांगलंच होतं.

पुढे या संस्थेने २०० हून जास्त शहरांचे नकाशे बनवले. कुठे कर्ज देण्यात किती धोका आहे, ते एका नजरेत कळावं म्हणून. चार रंग होते. हिरवा म्हणजे उत्तम, निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे उतरणीला लागलेली वस्ती आणि लाल म्हणजे धोकादायक. प्रत्येक वस्तीसाठी एक फॉर्म भरला जायचा. घरं किती जुनी, भाडं किती, लोक काय काम करतात, हे सगळं त्यात होतं. आणि एक रकाना होता: वस्तीत कृष्णवर्णीय किती टक्के?

मेख इथे होती. व्यवस्थित घरं, बरी नोकरी, वेळेवर हप्ते, असं सगळं असलं तरी वस्ती कृष्णवर्णीयांची असेल तर रंग जवळजवळ ठरलेला असायचा. लाल. 'रेडलायनिंग' हा शब्द पुढे याच रंगाशी जोडला गेला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सोशल मीडियावर हा इतिहास अर्धवट फिरतो. नकाशे काढणाऱ्या या संस्थेने स्वतः लाल भागांतही कर्जं दिली होती, कृष्णवर्णीयांनाही दिली होती. खरं नुकसान केलं दुसऱ्या सरकारी संस्थेने. ती म्हणजे १९३४ ची 'फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन'. ही संस्था कर्ज देत नव्हती, कर्जाची हमी घेत होती. कर्जदाराने पैसे बुडवले तर बँकेला सरकार भरून देणार! मग बँकांची भीती गेली. डाउन पेमेंट कमी झालं, मुदत २० वर्षांपर्यंत गेली आणि हप्ता साध्या कामगाराच्या आवाक्यात आला. अमेरिकेतला घरमालक मध्यमवर्ग या हमीवर उभा राहिला.

पण हमी कुठल्या घराला द्यायची, याचं सरकारी नियमपुस्तक होतं. गोरे आणि कृष्णवर्णीय शेजारी राहिले तर घरांच्या किमती पडतात, असं ते धरून चालायचं. 'हे घर कृष्णवर्णीयांना विकणार नाही' अशी अट खरेदीखतातच घाला, अशी शिफारसही त्यात होती. म्हणजे भेदभाव हा कोणा एका खडूस बँक मॅनेजरचा स्वभाव राहिला नाही. तो सरकारी पॉलिसी झाला.

याचं डोळ्यांनी दिसणारं उदाहरण डेट्रॉइटमध्ये आहे. १९४१ मध्ये एका बिल्डरला कृष्णवर्णीय वस्तीला लागून गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. वस्ती फार जवळ आहे म्हणून हमी मिळेना. मग त्याने मध्ये भिंत बांधली. सुमारे सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. भिंत झाली आणि हमी मिळाली! ती भिंत आजही उभी आहे. त्यावर आता रंगीत चित्रं काढली आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं धडाधड उभी राहिली. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ पासून १७,००० हून जास्त घरं बांधली गेली. युद्धावरून आलेल्या गोऱ्या सैनिकांना ती सहज मिळत होती. त्याच युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र तिथे दार बंद होतं.

मग ते घर घेत कसे होते? शिकागोचं बघा. तिथे दलाल गोऱ्यांना घाबरवायचे, 'कृष्णवर्णीय येतायत, विका लवकर!' घर स्वस्तात घ्यायचे आणि कृष्णवर्णीय कुटुंबाला दुप्पट किमतीला 'कॉन्ट्रॅक्ट'वर विकायचे. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर दलालाच्याच नावावर. एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि भरलेले पैसेही गेले. बँक दारात उभं करत नाही, म्हटल्यावर माणूस जाणार कुठे? अखेर १९६८ मध्ये नॉर्थ लॉनडेल भागातल्या अशा कुटुंबांनी संघटना काढली आणि हप्ते द्यायचेच थांबवले. काहींच्या घरातलं सामान पोलिसांदेखत रस्त्यावर आलं, पण अनेकांनी भांडून नवे करार पदरात पाडून घेतले.

कायदाही हळूहळू बदलला. खरेदीखतातली ती अट कोर्टाने राबवायची नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १९४८ मध्ये दिला. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि त्यानंतर सातच दिवसांनी, ११ एप्रिलला, घरांच्या बाबतीत भेदभावाला बंदी घालणारा फेअर हाउसिंग ॲक्ट आला.

इथे आपला संबंध येतो. अमेरिकेने १९६५ मध्ये इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि मग आपले मराठी इंजिनिअर, डॉक्टर तिकडे जाऊ लागले. त्यांनी उपनगरात घरं घेतली. त्या घरांचं दार ज्या कायद्याने उघडलं, तो कृष्णवर्णीयांनी रस्त्यावर उतरून मिळवलेला होता. आणि तरीही फॅमिली ग्रुपवर एखादे काका लिहितात, 'आम्ही दोन बॅगा घेऊन आलो आणि घर केलं, यांना काय झालं?' काकांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण काका शर्यतीत उतरले तेव्हा ट्रॅकवरची भिंत पाडून झाली होती. ज्यांनी ती पाडली, त्यांच्या आईवडिलांच्या पिढीची कमाई भिंतीच्या पलीकडेच अडकून राहिली.

कारण घर म्हणजे नुसतं छप्पर नाही. घराची किंमत वाढते, त्यावर मुलांचं शिक्षण होतं, ते वारसाने पुढे जातं. २०१९ च्या फेडरल रिझर्व्हच्या सर्वेक्षणात मधल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती १,८८,२०० डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची २४,१०० डॉलर. जवळपास आठपट फरक! आणि फक्त पैशांचं नाही. १०८ शहरांच्या एका अभ्यासात, जुन्या लाल वस्त्या इतर भागांपेक्षा सरासरी अडीच अंशांहून जास्त तापलेल्या आढळल्या. तिथे झाडं कमी आणि डांबर जास्त.

आता माझ्या कामाकडे येतो. आजच्या कुठल्याही लोन मॉडेलमध्ये 'वंश' असा रकाना नसतो, कायद्याने चालतच नाही. पण पत्ता असतो. आणि माणसं कुठे राहणार हे जिथे आधीच वंशावरून ठरवलं गेलंय, तिथे पत्ता म्हणजे वंशाचंच टोपणनाव. रकाना डिलीट झाला तरी माहिती डेटात शिल्लक राहते. आपल्याकडेही कर्जाच्या धंद्यात 'निगेटिव्ह एरिया' हा शब्द सर्रास चालतो. म्हणजे ज्या वस्तीत कर्ज द्यायचं नाही ती. तिथे राहणारा माणूस हप्ते वेळेवर भरतो की नाही, हे बघायची वेळच येत नाही.

म्हणून मला वाटतं, भेदभाव शोधताना 'वाईट माणूस कोण?' हा प्रश्न पुरत नाही. नियम कोणी लिहिला, त्यात काय गृहीत धरलं आणि त्याची किंमत कोण मोजतंय, हे विचारावं लागतं. ते नकाशे भरणारे बहुतेक लोक आपापल्या शहरातले साधे एजंट आणि बँकवाले होते. फॉर्ममधला रकाना त्यांनी इमानेइतबारे भरला, इतकंच.

ते मूळ नकाशे रिचमंड विद्यापीठाने ऑनलाइन ठेवले आहेत. तुमचं कोणी शिकागोला, डेट्रॉइटला असेल, तर त्यांचा भाग कुठल्या रंगाचा होता, ते मोबाइलवर शोधून बघा. आणि हा भाग त्या फॅमिली ग्रुपवर नक्की टाका. काकांनाही ऐकू दे. भेटू पुढच्या भागात!