ताराबाई शिंदे : पाचशे प्रतींचा ग्रंथ आणि उशिरा आलेला वाचक

बुलडाणा जिल्ह्याचे नाव मराठी वाङ्मयेतिहासात ज्या एका ग्रंथामुळे कायमचे नोंदले गेले, तो ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध होय. ताराबाईंचा जन्म १८५० साली बुलडाण्यात झाला. वडील बापूजी हरी शिंदे तेथील सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्या काळी मुलींची शाळा गावात नसल्याने त्यांनीच लेकीला मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. शिंदे कुटुंब सत्यशोधक समाजाशी निगडित होते.

ग्रंथाचे निमित्त सुरतेतील एका खटल्याचे आहे. १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून प्रथम फाशीची शिक्षा झाली; अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. या निमित्ताने 'पुणे वैभव' या पत्राने स्त्रियांवरच दोषारोप केले. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी लेखणी उचलली. पुनर्विवाहास बंदी घालणारा समाजच विधवेच्या पतनास जबाबदार आहे आणि जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांतही तितकेच आहेत, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सूत्र होते.

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ग्रंथाच्या ५०० प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे होती. पाठीशी ना मोठी संस्था, ना विद्यापीठ. त्यावर टीकाच अधिक झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात टीकाकारांना उत्तर देऊन ताराबाईंची बाजू घेतली. तथापि पुढे ग्रंथ विस्मृतीत गेला. ताराबाईंचे दुसरे कोणतेही पुस्तक प्रसिद्ध झाल्याचे ज्ञात नाही. १९१० च्या सुमारास त्यांचे निधन झाले.

मग हा वाचक वाढला कसा? पहिले कारण पुनर्मुद्रण. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला वर्षातच, हा निबंध पुन्हा प्रकाशात आणला. दुसरे कारण भाषांतर. सुसी थारू व के. ललिता यांनी संपादिलेल्या भारतीय स्त्रीलेखनाच्या १९९१ च्या इंग्रजी संकलनात त्याला स्थान मिळाले, तर १९९४ मध्ये रोझालिंड ओ'हॅन्लन यांचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. तिसरे कारण स्त्री-अभ्यासाचे. हा विषय विद्यापीठांत रुजल्यावर अभ्यासकांना एकोणिसाव्या शतकातील मूळ आवाज हवा होता, आणि तो बुलडाण्यात सापडला. आता कोणी महाजालावर ताराबाईंचे नाव शोधले, तर त्यांच्या हयातीत ग्रंथ पाहिलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक वाचक त्यांच्यापर्यंत क्षणार्धात पोहोचतात.

स्वतःच्या बळावर लिहून महाजालावर मजकूर ठेवणाऱ्या आजच्या लेखकासही असाच प्रश्न पडतो. एखाद्या जुन्या लेखाची वाचनसंख्या एकाएकी वाढते आणि कारण उमजत नाही. अशा वेळी आकड्यावर हर्ष मानण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. वाचक शोधयंत्रातून आले, की दुसऱ्या कोणी दिलेल्या दुव्यावरून? संख्या माणसांची आहे, की पाने चाळणाऱ्या स्वयंचलित प्रणालींची? आणि आलेला वाचक पानावर थांबतो, की लगेच निघून जातो? परीक्षेचा हंगाम, एखादी बातमी किंवा व्हॉट्सअॅपवरचा एक संदेश एवढ्यानेही आलेख उसळतो आणि तितक्याच वेगाने खाली येतो.

ताराबाईंच्या बाबतीत मात्र वाचक टिकला, कारण त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मिटला नाही. विधवेला, परित्यक्तेला वा एकट्या स्त्रीला आजही ज्या नजरेने तोलले जाते, त्या नजरेस या निबंधात उत्तर आहे. वाचनसंख्या हा लोकप्रियतेचा एका दिवसाचा हिशेब असतो. पण पाचशे प्रतींतून निघालेला आवाज शतकानंतरही ऐकू येतो, तेव्हा तो हिशेब लेखनाच्या सत्त्वाचा असतो.