वाङ्मयचौर्य : टक्केवारी, समित्या आणि शिक्षा

२००२ मध्ये कुमाऊं विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंवर दुसऱ्याचा भौतिकशास्त्रीय शोधनिबंध स्वतःच्या नावे प्रसिद्ध केल्याचा आरोप झाला. परदेशी शास्त्रज्ञांनी थेट राष्ट्रपतींकडे दाद मागितली आणि पुढील वर्षी कुलगुरूंना पद सोडावे लागले. अशा प्रकरणांसाठी देशातील सर्व विद्यापीठांना लागू होणारी नियमावली त्यावेळी नव्हती. ती विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये अधिसूचित केली.

दुसऱ्याचे लेखन किंवा कल्पना स्वतःची म्हणून सादर करणे, अशी या नियमावलीत वाङ्मयचौर्याची व्याख्या आहे. शोधप्रबंध, शोधनिबंध आणि ग्रंथ तिच्या कक्षेत येतात. उत्तरपत्रिका आणि वर्गातील स्वाध्याय येत नाहीत. शिक्षा मात्र साम्याच्या टक्केवारीवर ठरते. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत विद्यार्थ्याला जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के साम्य आढळल्यास सुधारित प्रबंध सादर करण्यास एक वर्षाची मनाई होते, तर ६० टक्क्यांहून अधिक साम्यास नोंदणीच रद्द होते. पदवी आधीच मिळालेली असल्यास ती स्थगित ठेवता येते. अध्यापकांना प्रकाशनासाठी दिलेले लेखन मागे घ्यावे लागते. गंभीर प्रकरणी दोन वार्षिक वेतनवाढी रोखल्या जातात आणि तीन वर्षे नव्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन करता येत नाही.

संदर्भासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर आणि प्रमाणित समीकरणे साम्यात मोजली जात नाहीत. तक्रार आल्यास प्रथम विभागीय समिती आणि नंतर संस्थास्तरीय समिती तपास करते. प्रत्येकीला ४५ दिवसांची मुदत आहे. विभागीय समितीचे अध्यक्षपद विभागप्रमुखाकडेच असते. त्यामुळे आपल्याच सहकाऱ्याच्या लेखनाचा निवाडा करण्याची वेळ त्याच्यावर येऊ शकते. विभागाबाहेरील ज्येष्ठ अध्यापकाची नेमणूक बंधनकारक असली, तरी हा संकोच पुरता मिटत नाही. संबंधितास बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळून आरोप निःसंशय सिद्ध होईपर्यंत शिक्षा करता येत नाही, ही तरतूद म्हणूनच महत्त्वाची.

तपासणीचे सॉफ्टवेअर विद्यापीठांना मिळावे यासाठी गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत २०१९ मध्ये ‘शोधशुद्धी’ उपक्रम सुरू झाला. मान्य झालेले प्रबंध याच केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात ठेवले जातात. परंतु सॉफ्टवेअर शब्दांचे साम्य मोजते. चोरी झाली की नाही, हे ते सांगत नाही. काळजीपूर्वक संदर्भ देणाऱ्याची टक्केवारी वाढू शकते आणि शब्द फिरवून कल्पना उचलणारा सुटू शकतो.

मराठीतील प्रबंधांबाबत हा प्रश्न अधिक बिकट आहे. इंग्रजी ग्रंथाचे प्रकरण मराठीत उतरवून स्वतःच्या नावे दिले, तर शब्दसाम्य शोधणाऱ्या यंत्रणेच्या हाती सहसा काही लागत नाही. युनिकोडऐवजी जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर तर संगणकाला निरर्थक रोमन अक्षरांची रांग वाटतो. अशा प्रबंधाचा अहवाल शून्य टक्क्यांच्या जवळ येऊ शकतो. प्रबंधात वाङ्मयचौर्य नसल्याचे प्रमाणपत्र मार्गदर्शकाला द्यावे लागते आणि येथे त्या प्रमाणपत्राला आधार उरतो तो त्याने प्रबंध स्वतः वाचल्याचा.