मच्छरदाणीची जाळी

आमच्या पोशेरा गावात आंतरगळ म्हणजे ओझी उचलणाऱ्याचं दुखणं. जांघेतला गोळा निजल्यावर आत जातो, उभं राहिलं की उतरतो. लंगोट आवळून माणूस वर्षं काढतो आणि दिवाळी झाली की पुन्हा वीटभट्टीवर जातो. मी ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते, म्हणून त्याच्या ऑपरेशनात बसवतात त्या जाळीचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो.

१८८०च्या दशकात इटलीच्या बासिनींनी स्नायू ओढून शिवण्याची रीत बसवली. पण ताणामुळे शिवण सैल पडे, गोळा परत येई. १९५८ साली अमेरिकेत फ्रान्सिस अशर यांनी पॉलिएथिलीनची जाळी वापरली, आणि १९८०च्या दशकात लिक्टनस्टाईन यांनी ताण न देता जाळी बसवणं रूढ केलं. जाळी मात्र महाग होती.

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी तिच्याऐवजी बाजारातलं मच्छरदाणीचं कापड घेतलं. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचंच ते. बऱ्याच ठिकाणच्या सर्जनांचे अनुभव जमवून त्यांनी २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त मांडले.

जखम चिघळेल ही भीती रास्तच होती. पण चिघळणं किमतीवर नाही, धाग्यावर आणि विणीवर ठरतं. पीळ दिलेल्या अनेकपदरी धाग्याच्या फटीत एका मायक्रॉनचा जंतू लपतो, त्याला खाणारी मोठी पेशी तिथे शिरू शकत नाही. एकेरी धागा आणि ७५ मायक्रॉनहून मोठी भोकं असली की पेशी आत जातात, मांस धरतं. मच्छरदाणीची भोकं तर त्याहून कितीतरी मोठी.

बाकी जंतू मारायचं काम वाफेचं. जाळी दुहेरी फडक्यात सैल गुंडाळायची, ड्रम ठासून भरायचा नाही, ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर पूर्ण वेळ चालवायचा. टेबलावर ती चिमट्यानेच धरायची, रुग्णाच्या कातडीला लागू द्यायची नाही. हे मी नव्या मुलींना घोकून घेई. मात्र प्रत्येक मच्छरदाणी चालत नाही. काही वाफेत वितळतात, औषध लावलेल्या तर नकोतच.

२०१६ मध्ये युगांडातल्या ३०२ पुरुषांवरचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. शस्त्रक्रियेनंतरचे त्रास मच्छरदाणीच्या स्वस्त जाळीत ३०.८ टक्के, महागड्या जाळीत २९.७ टक्के. मच्छरदाणीचं कापडही चालतं, हे दोंडाईच्याचं म्हणणं खरं ठरलं.

माझ्या गावच्या दादांनो, काकांनो, जाळी स्वस्त आहे म्हणून ऑपरेशन टाळू नका. आणि गोळा आत जाईना, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडकलं असेल. त्याच दिवशी दवाखाना गाठा.