कार्ल्याचा सुतार आणि जलशाची शाळा

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी ब्राह्मीतला एक लेख आहे. हे दार धेनुकाकटच्या सामी सुताराने घडविले, असे तो सांगतो. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आणि दानशूर यवन यांच्या पंक्तीत एका कारागिराचे नाव दोन हजार वर्षे टिकले आहे.

पुढच्या गावगाड्याने मात्र कारागिराची कला वापरली आणि नाव गाळले. हलगी, ढोलकी, वग ही महार-मांगांची विद्या. ती घरात आणि फडात शिकली जाई. पण तिला शिक्षण कोणी म्हटले नाही.

भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी 1930 च्या दशकात याच तमाशाच्या घाटातून आंबेडकरी जलसा उभा केला. देवस्तुतीच्या जागी बाबासाहेबांचा विचार आला. मंदिरप्रवेश, सावकारी, शिक्षण हे वगाचे विषय झाले. जलशातली माणसे ताल, पाठांतर, सभाधीटपणा शिकली आणि ऐकणारी वस्तीही शिकली. ही शाळाच होती. तिचा इतिहास कर्डकांनीच 1978 साली ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या ग्रंथात नोंदविला. सामी सुतारानंतर पुन्हा एका कलावंताचे नाव दारावर कोरले गेले.

आज कलासंस्था वस्तीत कार्यशाळा घेतात. स्वागतच आहे. पण घराण्यातला पहिला पदवीधर आणि आता शिक्षक म्हणून मला विचारायचे आहे : तिथे शिकविणारा कोण? वस्तीला नेहमी विद्यार्थ्यांच्याच बाकावर का बसवता? हलगीवाल्याला शिक्षक म्हणून नेमा, पुरते मानधन द्या आणि अभ्यासक्रमावर त्याचे नाव छापा.