‘रेई मोमो’ (१९८९) : आर्ट रॉक, लॅटिन लय आणि न्यूयॉर्क शहर

प्रस्तावना :

डेव्हिड बर्न यांचा ‘रेई मोमो’ हा अल्बम १९८९ साली प्रकाशित झाला. त्याआधीची सुमारे चौदा वर्षे बर्न ‘टॉकिंग हेड्स’ या न्यूयॉर्कमधील रॉक समूहाचे प्रमुख गायक व गीतकार म्हणून परिचित होते. कला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी उभारलेला हा समूह आर्ट रॉकचा, म्हणजे दृश्यकला व प्रयोगशील संगीत यांच्याशी नाते सांगणाऱ्या रॉकचा, ठळक प्रतिनिधी मानला जातो. ‘रेई मोमो’मध्ये मात्र गिटारचे प्राबल्य ओसरले आणि कोंगा, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन व समूहस्वर पुढे आले. एका रॉक कलावंताने ‘परक्या’ संगीताकडे घेतलेली झेप असे या अल्बमचे वर्णन वारंवार केले जाते. हे वर्णन इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, कारण हे संगीत ज्या शहरात परके ठरवले गेले त्याच शहरात ते अर्धशतक नांदत होते.

अल्बमचे नाव कार्निव्हलच्या राजाचे आहे. हा मोमो राजा ब्राझीलमध्ये उपवासकाळापूर्वीच्या उत्सवावर राज्य करतो. पोर्तुगीज वारशामुळे तो गोव्यातही आहे. पणजीच्या कार्निव्हलमध्ये ‘किंग मोमो’ची मिरवणूक निघते आणि खाण्यापिण्याचे व मौजेचे फर्मान सुटते. चार दिवसांचे हे राज्य असल्यामुळे त्यात उलटापालट क्षम्य असते. बर्न यांनी हे नाव का निवडले असावे, याचे उत्तर बहुधा याच मुभेत आहे.

शेजारचे संगीत :

पोर्तो रिकोच्या रहिवाशांना १९१७ च्या कायद्याने अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते मोठ्या संख्येने न्यूयॉर्कला आले. ईस्ट हार्लेम ही त्यांची वस्ती ‘एल बारिओ’ या नावानेच ओळखली जाऊ लागली. क्यूबातून आलेल्या माचितो यांचा वाद्यवृंद १९४० पासून या शहरात वाजत होता. १९५० च्या दशकात ब्रॉडवेवरील पॅलेडियम नृत्यगृहात मांबोसाठी सर्व वर्णांचे लोक एकत्र येत. क्यूबातील क्रांती (१९५९) आणि त्यानंतरची अमेरिकेची व्यापारबंदी यांमुळे हवानाशी असलेला थेट संबंध आटला. न्यूयॉर्कच्या वादकांना जुन्या क्यूबन प्रकारांतून स्वतःचे संगीत घडवावे लागले. जॉनी पाचेको व जेरी मसूची यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या ‘फानिया’ कंपनीने त्याला ‘साल्सा’ या नावाने बाजारपेठ मिळवून दिली.

‘टॉकिंग हेड्स’ने १९७५ मध्ये ज्या ‘सीबीजीबी’ क्लबमध्ये वादनास प्रारंभ केला, तो बॉवरी मार्गावर होता. तेथून पूर्वेला चालत जाता येईल इतक्या अंतरावर पोर्तो रिकन वस्ती होती आणि तिचे रहिवासी ‘लोअर ईस्ट साइड’चा उच्चार आपल्या पद्धतीने ‘लोइसाइदा’ असा करीत. पंक व साल्सा हे एकाच दशकातले, जवळजवळ एकाच मोहल्ल्यातले. तरीही संगीतसमीक्षेने त्यांचे दोन स्वतंत्र इतिहास लिहिले. त्यात भाषेचा वाटा होता, वर्णाचा होता आणि ध्वनिमुद्रिकांच्या दुकानातील फळ्यांचाही होता.

लय आणि आवाज :

क्यूबन परंपरेच्या मुळाशी ‘क्लावे’ आहे. हे पाच आघात दोन भागांत विभागलेले असतात, एकात तीन व दुसऱ्यात दोन. मराठी वाचकाला हा ठेकाच वाटेल, आणि ते सर्वस्वी चूक नाही. तथापि ठेक्यात समेवर येण्याचे जे समाधान असते, तसे येथे नाही. तीनचा भाग ताण निर्माण करतो, दोनचा भाग तो सैल करतो आणि गायकाच्या शब्दफेकीसह सारे काही या आघातांना धरून चालते. आघात प्रत्यक्ष वाजले नाहीत तरी वादकांच्या मनात ते सुरूच असतात. रॉकमध्ये दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर भर देण्याची सवय असते. त्या सवयीचा गायक येथे सहज अडखळतो.

बर्न यांचा आवाज कोरडा, ताठ व काहीसा बेचैन आहे. साल्सा गायकाकडून अपेक्षित असलेली उत्स्फूर्त भर त्यात नाही, आणि हा आक्षेप रास्त आहे. पण अनुकरणाचा मोह त्यांनी टाळला, हेही तितकेच खरे. गीते मुख्यतः इंग्रजीत आहेत. मागे वाद्यवृंद मोकळेपणाने नाचतो आणि पुढचा माणूस नाचावे की नाही या विचारात पडल्यासारखा गातो. आर्ट रॉकची विडंबनाकडे झुकणारी अलिप्तता या विसंगतीतून टिकून राहिली आहे. ‘लोको दे आमोर’ या गीतात सेलिया क्रूझ यांचा भरघोस आवाज येतो, तेव्हा हा फरक सर्वाधिक जाणवतो. १९६० मध्ये क्यूबा सोडलेल्या या गायिकेचे हे गीत प्रथम ‘समथिंग वाइल्ड’ (१९८६) या चित्रपटात ऐकू आले होते.

श्रेयाचा प्रश्न :

अल्बमवर गीतांच्या शीर्षकांसोबत त्यांचे लयप्रकार नोंदवलेले आहेत : कोलंबियाची कुंबिया, डोमिनिकन मेरेंगे, क्यूबाचा चा-चा-चा, ब्राझीलचा सांबा. आपल्याकडे बंदिशीसोबत राग व ताल लिहितात, तशी ही रीत. लॅटिन संगीत म्हणजे एकच सरमिसळ, या समजुतीला त्यातून उत्तर मिळते. मात्र प्रकारांची नावे नोंदवणे आणि माणसांना श्रेय देणे यांत अंतर आहे. स्टीव्ह लिलीव्हाइट व बर्न यांच्या निर्मितीत पाचेको, विली कोलोन, मिल्टन कार्डोना यांच्यासारखे मान्यवर सहभागी होते. पाचेको यांनी तर पंचवीस वर्षांपूर्वीच ‘फानिया’ उभी केली होती. तरीही रॉकच्या श्रोत्यांपर्यंत मुखपृष्ठावरचे एकच नाव पोहोचले.

१९८७ मध्ये लंडनच्या काही ध्वनिमुद्रण-व्यावसायिकांनी विक्रीच्या सोयीसाठी ‘जागतिक संगीत’ हे लेबल रूढ केले होते. बर्न यांनी १९९९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील लेखात या लेबलावर कठोर टीका केली. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात न बसणारे सारे काही या संज्ञेने एका कोपऱ्यात ढकलले जाते, असा त्यांचा रोख होता. स्वतः स्थापन केलेल्या ‘लुआका बॉप’ कंपनीतर्फे ब्राझीलचे संगीत अमेरिकेत आणणाऱ्या व्यक्तीने ही टीका करावी, यात विरोधाभास पाहता येईल. पण लेबलाचा लाभ व जाच दोन्ही ठाऊक असलेल्याची साक्ष म्हणून तिचे मोल अधिक आहे.

या अल्बमनंतरच्या दौऱ्यात बर्न यांच्यासोबत मोठा लॅटिन वाद्यवृंद होता आणि बाहियाच्या गायिका मार्गारेथ मेनेझेस होत्या. रॉकच्या बहुसंख्य श्रोत्यांना तेव्हा त्यांचे नाव अपरिचित होते. २०२३ मध्ये त्या ब्राझीलच्या संस्कृतिमंत्री झाल्या.