कीथ स्मिथ यांची नायट्रीकरण पद्धत

कीथ स्मिथ हे ब्रिटिश सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ असून त्यांनी वेल्समधील स्वान्झी व कार्डिफ येथील विद्यापीठांत संशोधन केले. झिओलाइट बीटा हा घन उत्प्रेरक वापरून, सल्फ्युरिक आम्लाविना ॲरोमॅटिक संयुगांचे नायट्रीकरण करण्याची पद्धत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात विकसित केली. तिचे सविस्तर वर्णन १९९८ मध्ये 'जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पार्श्वभूमी

संयुगाच्या रेणूत नायट्रो गट बसवणे म्हणजे नायट्रीकरण. रंग, औषधे आणि कीटकनाशके यांच्या निर्मितीत ही पायरी वारंवार येते. कारखान्यांत त्यासाठी नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांचे मिश्रण वापरले जाते. सल्फ्युरिक आम्लामुळे नायट्रिक आम्लापासून नायट्रोनियम आयन तयार होतो आणि तोच बेंझीन वलयाशी संयोग पावतो. सल्फ्युरिक आम्ल स्वतः खर्च होत नाही. मात्र अभिक्रियेत निर्माण होणाऱ्या पाण्याने ते सौम्य होत जाते. असे वापरलेले आम्ल पुन्हा संहत करण्यास बरीच ऊर्जा लागते आणि त्याचे उदासीनीकरण केल्यास क्षारयुक्त सांडपाणी उरते.

अपव्ययाचा दुसरा प्रकार कमी दिसणारा, पण तितकाच महत्त्वाचा आहे. टोल्यूइनचे मिश्र आम्लाने नायट्रीकरण केले असता सुमारे ५७ ते ६० टक्के ऑर्थो, ३७ ते ४० टक्के पॅरा आणि थोडा मेटा समघटक मिळतो. मागणी पॅरा-नायट्रोटोल्यूइनला असेल, तर निम्म्याहून अधिक उत्पादन नको असलेले ठरते.

पद्धत

स्मिथ यांच्या पद्धतीत नायट्रिक आम्ल व ॲसेटिक ॲनहायड्राइड केवळ समीकरणाप्रमाणे आवश्यक तेवढेच घेतले जातात आणि वेगळा द्रावक लागत नाही. झिओलाइट बीटा हे ॲल्युमिनोसिलिकेट असून त्याची छिद्रे एक नॅनोमीटरपेक्षाही अरुंद असतात. या अरुंद जागेत मिथिल गटाच्या शेजारी होणारी अभिक्रिया अवघड ठरते व समोरच्या, म्हणजे पॅरा, स्थानाला प्राधान्य मिळते, असा निवडक्षमतेचा खुलासा केला जातो. टोल्यूइनपासून जवळजवळ पूर्ण उतारा मिळून त्यात पॅरा समघटक ७९ टक्के आढळला. झिओलाइट गाळून पुन्हा वापरता येते. ॲसेटिक आम्ल हा एकमेव उपपदार्थ ऊर्ध्वपातनाने वेगळा होतो.

मर्यादा आणि तुलना

या पद्धतीत सल्फ्युरिक आम्ल टळत असले, तरी उपपदार्थाचे वजन कमी नाही. हिशेब केल्यास १३७ ग्रॅम नायट्रोटोल्यूइनमागे १२० ग्रॅम ॲसेटिक आम्ल तयार होते. ते विकता येते किंवा पुन्हा ॲनहायड्राइडमध्ये रूपांतरित करता येते, पण त्याचा खर्च वेगळा पडतो. शिवाय मिश्रणात तयार होणारे ॲसेटिल नायट्रेट स्फोटक असल्याने मोठ्या प्रमाणावरील वापरात सुरक्षिततेचा प्रश्न गंभीर बनतो.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील अँथनी बॅरेट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. त्यांनी इटर्बियम ट्रायफ्लेट उत्प्रेरक वापरला. ॲनहायड्राइडची गरजच न उरल्याने उपपदार्थ म्हणून फक्त पाणी निघाले आणि उत्प्रेरक त्या पाण्यातून परत मिळवता आला. उपपदार्थाच्या बाबतीत ही पद्धत निश्चितच सरस आहे. ऑर्थो समघटकाचा वाटा मात्र तिच्यात निम्म्याच्या आसपासच राहिला.